नळाचें पाणी आणि नोंदीची वही

सकाळीं उठून आपण नळाची तोटी फिरवितों, तांब्या भरतों आणि पाणी पितों. या साध्या कृतीमागें केवढा विश्वास आहे, हें सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. दूध आपण वास घेऊन पाहतों, धान्य पाखडून घेतों, भाजी निवडतों. पाण्याच्या बाबतींत मात्र तें स्वच्छ दिसलें, त्यास वास आला नाहीं आणि चव बरी लागली, कीं आपलें समाधान होतें. परंतु ज्या जंतूंनीं माणसें मरतात ते डोळ्यांस दिसत नाहींत. त्यांस वास नाहीं व रुचिही नाहीं. मग पाणी निर्धोक आहे हें ओळखतो कोण? तें ओळखणारा इसम आपल्या दृष्टीआड, गांवाबाहेरच्या एखाद्या पंपघरांत उभा असतो. तो एक लहानशी परीक्षा करितो आणि वहींत एक आकडा लिहितो. आपण जो विश्वास ठेवतों तो वस्तुतः पाण्यावर नसून त्या आकड्यावर असतो.

हा आकडा खोटा असला तर काय होतें, याची एक हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. ती दूर कॅनडा देशांतील, मे 2000 मधील आहे. परंतु तींतील धडा ज्या ज्या घरीं नळ आहे त्या प्रत्येक घरास लागूं पडण्याजोगा आहे.

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतांत ब्रूस काउंटी नांवाचा भाग आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा राज्यकारभाराचा विभाग. वॉकर्टन हें त्या काउंटीचें मुख्य ठिकाण. सॉगीन नदीच्या कांठीं वसलेलें, सभोंवार शेती व गुरेंवासरें असलेलें, सुमारें 4,800 वस्तीचें हें एक शांत गांव. नदी जवळ असली तरी गांवाचें पिण्याचें पाणी विहिरींचें होतें. या विहिरी आपल्याकडील बांधीव विहिरींसारख्या नव्हत, तर खडकांत यंत्रानें पाडलेल्या अरुंद नळविहिरी होत्या. त्यांपैकीं क्रमांक पांच, सहा व सात या तीन विहिरी 2000 सालीं उपयोगांत होत्या. पाणी उपसावयाचें, त्यांत क्लोरीन मिसळावयाचा आणि तें नळांवाटे घरोघर पोंचवावयाचें, एवढीच योजना होती.

यांपैकीं पांचवी विहीर आपण विशेष लक्षांत ठेवूं. ती 1978 सालीं खोदली होती. तिची खोली सुमारें 15 मीटर. परंतु तिच्यांत येणारें पाणी त्याहूनही वरचें, 5 ते 8 मीटर खोलीवरच्या भेगाळलेल्या खडकांतील होतें. जमिनीवर पडलेलें पाणी खालीं जातांना मातीच्या जाड थरांतून झिरपत गेलें, तर त्यांतील बरीचशी घाण वरच अडते. माती ही निसर्गानें दिलेली गाळणीच होय. या ठिकाणीं मात्र मातीचा थर पातळ आणि त्याखालीं लगेच भेगांचा खडक होता. शेजारींच शेत होतें. अशा विहिरीस वरची घाण पोंचण्याचें भय आहे, ही गोष्ट ती खोदली तेव्हांच तज्ज्ञांनीं लेखी नमूद केली होती. तरीही विहीर चालू झाली. पुढें बावीस वर्षें तिचा व गांवाचा मोठ्या अनर्थापासून जो बचाव व्हावयाचा, तो एका क्लोरीनच्या भरंवशावर सोंपविलेला होता.

क्लोरीनचें काम समजण्यास एक घरगुती दृष्टांत पुरे आहे. घरीं कार्य आहे, पंगत बसली आहे आणि आपण भाताचें पातेलें घेऊन वाढावयास निघालों आहों. पंगत उठल्यावर पातेल्यांत चार मुठी भात शिल्लक राहिला, तर कोणी उपाशी उठलें नाहीं अशी आपली खात्री होते. पण पातेलें मध्येंच रिकामें झालें, तर किती जण अर्धपोटीं उठले तें सांगतां येत नाहीं. तीच गोष्ट पाण्याची. पाण्यांत घातलेला क्लोरीन जंतूंवर खर्च होतो, तसाच पाण्यांत जी इतर सेंद्रिय घाण असेल तिच्यावरही खर्च होतो. म्हणून किती क्लोरीन घातला हें जाणण्यापेक्षां, कांहीं वेळानें किती शिल्लक उरला हें जाणणें अधिक महत्त्वाचें असतें. यासच शेष क्लोरीन म्हणतात. पंधरा मिनिटांनंतर दर लिटरमागें 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला पाहिजे, असा ऑन्टारिओमधील दंडक होता. हजार लिटर पाण्यांत अर्धा ग्रॅम, एवढीच ही मात्रा. पण ती उरली असेल, तर जंतूंचा संहार होऊन रक्षण करण्यास अद्याप कोणी जागा आहे, असें समजावें.

या शेष क्लोरीनचा दुसरा गुण त्याहूनही मोलाचा आहे. विहिरींत एकाएकीं पुष्कळ घाण शिरली, तर नेहमींचा क्लोरीन तिच्यावर खर्ची पडतो आणि शेष शून्याकडे घसरतो. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेंत पाठवून जंतूंचा शोध घ्यावयाचा तर एक-दोन दिवस लागतात. तेंच संकट शेष क्लोरीनची परीक्षा कांहीं मिनिटांत दाखविते. म्हणजे पंपघराच्या वहींतील तो लहानसा आकडा हा नुसता कारकुनी सोपस्कार नाहीं. ती धोक्याची घंटा आहे. ती दररोज वाजवून पाहावयाची असते.

वॉकर्टनच्या पंपघरांतील पत्रकांत हा आकडा दररोज लिहिला जात असे. बहुधा तो 0.5 तरी असे, नाहीं तर 0.75 तरी असे. ऋतु बदलले, पाऊस आला, बर्फ वितळलें, तरी आकड्यांत फारसा फरक नाहीं. निसर्गांतील कोणतीही वस्तु इतक्या सरळ रेषेंत चालत नाहीं, हें जाणत्या माणसाच्या नजरेस यावयास हवें होतें. खरी गोष्ट अशी होती कीं, बहुतेक दिवशीं मोजमाप होतच नसे. आकडा मनानेंच लिहिला जाई आणि क्लोरीनही ठरलेल्या प्रमाणाहून कमी घातला जाई. जंतूंच्या परीक्षेसाठीं ज्या बाटल्या प्रयोगशाळेंत जात, त्यांवर कधीं कधीं एका जागेचें नांव असे आणि पाणी दुसऱ्याच सोयीच्या जागीं भरलेलें असे.

हें काम पाहणारे दोघे सख्खे भाऊ होते. एक पाणीपुरवठ्याचा व्यवस्थापक, दुसरा त्याच्या हाताखालचा मुख्य कामगार. हे दोघे कोणी नराधम होते, अशी आपली समजूत होईल. ती खरी नाहीं. ते त्याच गांवचे, तेंच पाणी पिणारे. किंबहुना विहिरीवर क्लोरीन न मिसळलेलें पाणी ते स्वतः आवडीनें पीत असत. आपल्या विहिरींचें पाणी मुळांतच निर्मळ आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. या विषयाचें रीतसर शिक्षण त्यांस मिळालें नव्हतें. परवाना मिळाला तो परीक्षेवांचून, केवळ अनुभवाच्या आधारावर. शिवाय पाण्यास औषधाचा वास येतो म्हणून गांवकरी तक्रार करीत, आणि ती तक्रार टाळण्याकडे यांची प्रवृत्ति असे. दुष्ट हेतूपेक्षां अज्ञान, आळस आणि लोकांची मर्जी राखण्याची इच्छा यांनीं जगांत अधिक अनर्थ झाले आहेत. वॉकर्टनचा अनर्थ त्याच जातीचा होता.

आतां मे 2000 मधील त्या दिवसांकडे वळूं. 8 ते 12 मे या पांच दिवसांत त्या भागांत सुमारें 134 मिलिमीटर पाऊस पडला. 12 तारखेचा पाऊस सर्वांत मोठा होता. पांचव्या विहिरीजवळच्या शेतांत कांहीं दिवसांपूर्वीं शेणखत घातलेलें होतें. त्या शेतकऱ्यानें आपलें काम योग्य रीतीनेंच केलें होतें आणि त्याच्याकडे दोष जात नाहीं, असा निर्वाळा पुढें चौकशींत मिळाला. त्या खतांतील जंतु पावसाच्या पाण्याबरोबर पातळ मातीतून भेगांत उतरले व विहिरींत आले. क्लोरीन अपुरा होताच. जो होता तो घाणीवर खर्च झाला, आणि जंतु नळांतून घरोघर निघाले.

13, 14 व 15 मे या तिन्ही दिवशीं कामगार विहिरीवर गेला. नेहमींप्रमाणें त्यानें मोजमाप केलें नाहीं आणि नेहमींप्रमाणें आकडा लिहिला. त्या तीन दिवसांत एकदां जरी ती साधी परीक्षा झाली असती, तर शेष क्लोरीन नाहीसा झाल्याचें तत्काळ दिसलें असतें. पुढचा अनर्थ बहुतांशीं टळला असता, असें चौकशीचें मत पडलें.

येथें त्या जंतूविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. ई. कोलाय नांवाचे जंतु माणसांच्या व गुरांच्या आंतड्यांत सदैव असतात आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी आहेत. पाण्यांत ते सांपडले तर मलमूत्राचा स्पर्श झाला, एवढी खूण पटते. परंतु त्यांचीच ओ-157 नांवाची एक जात भयंकर विष उत्पन्न करिते. गाईवासरांच्या पोटांत ती असली तरी त्यांस कांहीं होत नाहीं. माणसाच्या पोटांत मात्र तिचे थोडेसे जंतु गेले तरी पुरेसे होतात. तीन-चार दिवसांनीं पोटांत मुरडा येऊन रक्ताचे जुलाब सुरू होतात. बहुतेक रोगी बरे होतात; पण कांहींच्या, विशेषतः लहान मुलांच्या, रक्तांतील तांबड्या पेशी फुटूं लागतात व मूत्रपिंडें काम सोडतात. वॉकर्टनच्या पाण्यांत या जंतूबरोबर कँपायलोबॅक्टर नांवाचा दुसराही एक जंतु होता.

17 मे रोजीं प्रयोगशाळेचें उत्तर आलें: पाठविलेल्या नमुन्यांत ई. कोलाय आहेत. हा कागद व्यवस्थापकाच्या हातीं पडला आणि तेथेंच राहिला. 18 तारखेस रक्ताचे जुलाब होणारीं दोन मुलें जवळच्या ओवेन साउंड गांवच्या रुग्णालयांत आलीं. त्यांस तपासणाऱ्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांस संशय आला व त्यांनीं 19 तारखेस आरोग्यखात्यास कळविलें. आरोग्यखात्यानें व्यवस्थापकास विचारलें, "पाणी ठीक आहे ना?" उत्तर मिळालें कीं पाणी ठीक आहे. त्याच दिवशीं तो स्वतः मात्र नळ धुऊन काढून त्यांत भरपूर क्लोरीन सोडूं लागला होता. दोष घालवावा, पण तो होता हें कोणास कळूं नये, अशी ती धडपड होती.

ती खटपट तेथेंच थांबली नाहीं. सातव्या विहिरीवर क्लोरीन मिसळण्याचें यंत्र नसतांही, नवें यंत्र बसविण्याची वाट न पाहतां, मे महिन्यांत कित्येक दिवस तिचें पाणी तसेंच गांवास दिलें गेलें होतें. तें झांकण्याकरितां त्या विहिरीचें पत्रक मागाहून पुन्हां लिहिण्यांत आलें. एक खोटा आकडा सांभाळण्यासाठीं दुसरा खोटा आकडा लागतो, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणार नाहीं.

आरोग्यखात्यास त्या प्रयोगशाळेच्या कागदाची खबर मिळण्यापूर्वींच वैद्यकीय अधिकारी डॉ. मरे मॅक्विग यांनीं, रोग्यांची वाढती संख्या पाहून, 21 मे रोजीं दुपारीं पाणी उकळूनच प्यावें असा हुकूम काढला. तो स्थानिक रेडिओवरून सांगण्यांत आला. परंतु छापील पत्रकें घरोघर वांटलीं गेलीं नाहींत व दूरचित्रवाणीचाही उपयोग केला गेला नाहीं. त्यामुळें त्या दिवशीं सुमारें निम्म्याच लोकांस तो कळला. ध्वनिक्षेपकासमोर बसून बोलणाऱ्या माणसानें ही गोष्ट मुद्दाम ध्यानांत ठेवावी अशी आहे. सांगितलें म्हणजे पोंचलें, असें होत नाहीं.

या सर्वाचा हिशेब असा: सुमारें 4,800 वस्तीच्या त्या गांवांत व आसपास 2,300 हून अधिक माणसें आजारी पडलीं. 65 जणांस रुग्णालयांत ठेवावें लागलें. 27 जणांस मूत्रपिंडाचा तो भयंकर विकार जडला. त्यांत बहुतेक लहान मुलें होतीं. सात माणसें मरण पावलीं. जीं मुलें वांचलीं, त्यांपैकीं कित्येकांच्या आईबापांस पुढें वर्षानुवर्षें त्यांच्या मूत्रपिंडांची चिंता वाहावी लागली. जी आई आपल्या तापलेल्या लेंकरास हौसेनें पेला भरून पाणी देत होती, तिच्या हातूनच तें विष त्याच्या पोटांत जात होतें. आणि तिला तें कळण्यास कोणताही मार्ग नव्हता.

प्रांतिक सरकारनें न्यायमूर्ति डेनिस ओकॉनर यांस चौकशीस नेमिलें. त्यांचा अहवाल 2002 सालीं दोन भागांत प्रसिद्ध झाला. तो वाचतांना एक गोष्ट मनावर ठसते. न्यायमूर्तींनीं त्या दोघां भावांचा दोष लपविला नाहीं. 19 मे रोजींच सत्य सांगितलें असतें तर तीनशें ते चारशें माणसें आजारी पडतीं ना, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांनीं हेंही प्रामाणिकपणें लिहिलें कीं, तोंपर्यंत इतका उशीर झाला होता कीं त्यामुळें मृत्यु टळले असते असें दिसत नाहीं. पुढें 2004 सालीं दोघांनीं न्यायालयांत गुन्हा कबूल केला व त्यांस शिक्षा झाल्या. परंतु न्यायमूर्ति दोन माणसांपाशीं थांबले नाहींत. या दोघांची चूक इतकीं वर्षें कोणाच्याच कशी नजरेस आली नाहीं, हा प्रश्न त्यांनीं विचारला.

आणि उत्तर असें मिळालें कीं, ती नजरेस आली होती. प्रांताच्या पर्यावरणखात्यानें 1998 सालीं या पाणीपुरवठ्याची तपासणी केली. शेष क्लोरीन कमी आहे व नमुन्यांत ई. कोलाय आढळले आहेत, हें त्या तपासणींत दिसलें. पत्र गेलें; सुधारणा करूं असें उत्तर आलें; आणि ती झाली कीं नाहीं हें पाहण्यास पुन्हां कोणी गेलें नाहीं. त्या काळांत खर्च कमी करण्याच्या धोरणामुळें खात्यांतील शेंकडों जागा रद्द झाल्या होत्या. शेष क्लोरीनविषयींचा दंडक ही खात्याची मार्गदर्शक सूचना होती, बंधनकारक कायदा नव्हता. 1996 सालीं नगरपालिकांच्या पाण्याची सरकारी प्रयोगशाळांतील तपासणी बंद झाली व तें काम खाजगी प्रयोगशाळांकडे गेलें. त्या प्रयोगशाळांनीं वाईट उत्तर सरळ आरोग्यखात्यास कळवावें, असें कायद्यानें त्यांजवर बंधन नव्हतें. पाण्याविषयींचें वाईट वर्तमान ज्याच्या चुकीनें तें घडलें, त्याच्याच टेबलावर जाऊन पडावें आणि इतर कोणास कळूं नये, अशी ही व्यवस्था होती.

अहवालाच्या दोन भागांत मिळून 121 शिफारशी होत्या, आणि त्यांचें फळ पुष्कळ अंशीं दिसून आलें. अनर्थानंतर लगेच ऑगस्ट 2000 मध्यें सूचनांच्या जागीं बंधनकारक नियम आले. पाण्यांत दोष आढळल्यास प्रयोगशाळेनें तो वैद्यकीय अधिकाऱ्यास व खात्यासही कळविलाच पाहिजे, असें ठरलें. 2002 सालीं सुरक्षित पिण्याच्या पाण्याचा कायदा झाला. पाणीपुरवठ्यावर अधिकार चालविणाऱ्या नगरपालिकेच्या सभासदांवरही योग्य काळजी घेण्याचें कर्तव्य त्यानें घातलें. पंपघरांतील कामगारांच्या शिक्षणाचे व परवान्याचे नियम अधिक कडक झाले. 2006 सालीं विहिरी व नद्या यांच्या उगमाशींच रक्षण करणारा निराळा कायदा आला. आणि ज्या वॉकर्टनमध्यें हें घडलें, तेथेंच 2004 सालीं पाणीपुरवठ्याच्या कामगारांस शिक्षण देणारी संस्था उघडली. शोकाचें स्मारक दगडाचें करितां येतें. त्या प्रांतानें तें शिक्षणाचेंही केलें.

आतां या हकीकतीचें तात्पर्य. पाण्याविषयींचे नियमभंग दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार म्हणजे पाण्यांत जी वस्तु असूं नये ती आढळणें. जंतु असोत, शिसें असो कीं दुसरें कांहीं. हा भंग ऐकला कीं आपण दचकतों. दुसरा प्रकार म्हणजे वेळेवर नमुना न घेणें, मोजमाप न करणें, उत्तर न कळविणें, नोंद न ठेवणें. हा भंग वर्तमानपत्रांत आला तर आपण म्हणतों, "हें नुसतें कागदी प्रकरण आहे." वॉकर्टनचा धडा नेमका याच्या उलट आहे. पहिल्या प्रकारचा भंग कळला, याचा अर्थ पहारेकरी जागा आहे. दुसऱ्या प्रकारचा भंग म्हणजे पहारेकरी झोंपला आहे, आणि चोर आला कीं नाहीं हें सांगण्यासच कोणी उरलेलें नाहीं. ज्या गांवाच्या पत्रकांत कधीं दोषच दिसत नाहीं, त्या गांवाचें पाणी उत्तम असेल. अथवा तेथें कोणी पाहतच नसेल. या दोहोंतील भेद आकड्यावरून कळत नाहीं. तो आकडा कोणी व कसा काढला, यावरून कळतो.

हें सर्व दूर देशीं घडलें, असें म्हणून आपणांस निश्चिंत राहतां येणार नाहीं. वॉकर्टनच्या पाण्यांत जो कँपायलोबॅक्टर जंतु होता, तोच जानेवारी 2025 मध्यें आपल्या पुण्यांत चर्चेंत आला. सिंहगड रस्त्याच्या परिसरांत गिलेन-बारे नांवाच्या मज्जातंतूंच्या विकाराचे अनेक रोगी एकाच सुमारास आढळले. त्यांपैकीं कांहींच्या तपासणींत हा जंतु सांपडला, आणि सर्वांचें लक्ष पिण्याच्या पाण्याकडे वळलें. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरींत टी. सी. एल. पावडर टाकतो व ओ. टी. चांचणी घेतो. या चांचणींत पाण्यांत औषधाचे कांहीं थेंब टाकले असतां क्लोरीनच्या प्रमाणांत पिवळा रंग येतो. ही तीच शेष क्लोरीनची परीक्षा होय. भारतीय मानकाप्रमाणें ग्राहकाच्या नळाशीं दर लिटरमागें किमान 0.2 मिलिग्रॅम शेष क्लोरीन असला पाहिजे. वॉकर्टनच्या पत्रकाची जी किंमत, तीच या पिवळ्या रंगाच्या नोंदीची किंमत आहे.

मग गृहस्थानें व गृहिणीनें काय करावें? घरांत चांगलें गाळणयंत्र असणें ठीकच. परंतु तें एका घराचें रक्षण करितें, गल्लींतील नळाचें नाहीं. शाळेंत मूल काय पितें, मोलकरणीच्या घरीं काय पितात, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. म्हणून पहिली गोष्ट ही कीं, पाण्यास क्लोरीनचा मंदसा वास आला तर रागावूं नये. तें पाणी उघड्या पण स्वच्छ भांड्यांत थोडा वेळ ठेवलें तर वास कमी होतो. वास नको म्हणून औषध कमी करावयास लावणें म्हणजे पहारेकऱ्याच्या खोंकल्याची झोंपमोड होते म्हणून त्यास घालवून देण्यासारखें आहे. दुसरी गोष्ट, मोठ्या पावसानंतर, पुरानंतर, अथवा जलवाहिनी फुटल्यानंतर पाणी गढूळ आलें तर तें गाळून, खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळत ठेवून मगच प्यावें. बर्फास, दांत घासण्यास व तान्ह्या मुलाच्या दुधास तेंच वापरावें. तिसरी गोष्ट, उकळण्याचा हुकूम कानीं आला, कीं तो शेजारच्या दोन घरांस आपण स्वतः जाऊन सांगावा. रेडिओ सर्वांच्या घरीं त्याच वेळीं चालू नसतो.

आणि चौथी गोष्ट सर्वांत सोपी, पण आपण ती कधींच करीत नाहीं. आपल्या नगरसेवकास, ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यास, अथवा आपल्या सोसायटीच्या टांकीची व्यवस्था पाहणाऱ्या इसमास एकदां विचारावें: शेष क्लोरीन काल किती होता? तो कोणत्या नळावर मोजला? कोणी मोजला? कमी आढळला तर तें कोणास कळवितां? प्रश्न नम्रपणें विचारावा, पण उत्तर मिळेपर्यंत विचारावा. ज्या आकड्याविषयीं कोणी विचारीत नाहीं, तो आकडा हळूहळू मनानें लिहिला जाऊं लागतो, हें वॉकर्टननें दाखवून दिलें आहे. ज्या आकड्याची कोणी वाट पाहत आहे, तो मोजूनच लिहावा लागतो.

उद्यां सकाळीं तांब्या भरतांना त्या दूरच्या पंपघरांतील माणसाची एकदां आठवण करावी. तो आपलें काम चोख करीत असेल, तर आपल्या घराचें आरोग्य बरेंचसें त्याच्या हातीं सुरक्षित आहे आणि त्याबद्दल आपण त्याचे ऋणी आहों. तो करीत नसेल, तर तें वेळींच उघडकीस आणणें हें केवळ सरकारचें नव्हे, तर तें पाणी पिणाऱ्या प्रत्येकाचें काम आहे.